गप्पी मासे, ख्याल आणि "कोण ऐकतंय बे रेडिओ?"

परवा चहाच्या टपरीवर आकाशवाणीचा विषय निघाला. लगेच एक जण म्हणाला, "कोण ऐकतंय बे रेडिओ आता?" सगळे हसले, मीही हसलो. पण घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण हेच वाक्य वापरून आपल्या हातातली एकेक गोष्ट काढून घेतली जाते.

जरा मागे जाऊ. 23 जुलै 1927 ला मुंबई केंद्र सुरू झालं, ते खाजगी कंपनीचं. वर्षाला 10 रुपये लायसन्स. ऐकणारे कमी पडले आणि 1930 मध्ये कंपनी बुडाली. "कोण ऐकतंय" म्हणून तेव्हाच कुलूप लावता आलं असतं. लावलं नाही, सरकारने रेडिओ हातात घेतला. म्हणून 1955 मध्ये पुणे केंद्रावरून गीतरामायण झालं. म्हणून 1956 मध्ये त्याच केंद्राने युनेस्कोच्या मदतीने दीडशेच्या आसपास गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळं उभी केली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, तो संपला की गावात चर्चा, आणि गावाचे प्रश्न परत केंद्राकडे!

ख्यालाचंही तेच. हे मुळात दिवाणखान्यातलं गाणं, पन्नास माणसांचं. तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत राग कोंबावा लागायचा. रेडिओने त्याला मोकळा वेळ दिला आणि ज्याच्या घरी दिवाणखानाच नव्हता, त्याच्याही घरात मैफल आली.

रेडिओ काही संत नव्हता. 1940 मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, ती तीस वर्षं टिकली. केसकर मंत्री झाल्यावर सिनेसंगीत दाबलं, लोक सरळ सिलोनकडे वळले, आणि 1957 मध्ये विविध भारती काढावी लागली. श्रोत्याला शिस्त लावायला गेलं की तो उठून जातो, हे मान्य. पण म्हणून त्याच्यापुढे फक्त गाणी आणि जाहिराती टाकायच्या? हाही त्याचा अपमानच.

आता सोलापूरचं बोलू. आपण वर्षानुवर्षं तीन-चार दिवसांआड येणारं पाणी साठवत आलोय. घरोघरी बॅरल, हौद. त्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. "आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा" असं सांगतात. पण भरलेलं बॅरल पाणी कधी येईल याचा भरवसा नसताना कोण उपडं करणार? तिथे गप्पी मासे कामाला येतात, डासांच्या अळ्या खातात. पण ब्लीचिंग पावडर टाकलेल्या पाण्यात सोडले तर मरतात. हौद धुताना त्यांना कशात ठेवायचं? आणि नदी-तळ्यात का सोडायचे नाहीत? (तिथल्या मूळच्या माशांना त्रास होतो म्हणून.) पंधरा मिनिटांचा कार्यक्रम आहे हा. मराठीत करा, पूर्व भागासाठी तेलुगूत करा, कन्नड आणि उर्दूतही करा. विडी वळताना हात गुंतलेले असतात, मोबाईल बघता येत नाही, कान मात्र मोकळे असतात.

हे मुंबई-दिल्लीत बसलेला निवेदक सांगणार आहे का? त्याला आपलं बॅरल माहीत तरी आहे का?

आणि त्या पंधरा मिनिटांनंतर अर्धा तास आपल्याच जिल्ह्यातल्या एखाद्या गायकाचा, वादकाचा. व्यासपीठ मिळेना म्हणून शिकवण्या घेत बसलेली किती तरी माणसं आपल्या ओळखीची आहेत.

ओरडून काय होतं, असं म्हणू नका. जून 2023 मध्ये पुणे आकाशवाणीचा वृत्तविभाग बंद करायचा निर्णय झाला होता. लोक बोलले, तो थांबवावा लागला.

म्हणून मागणी साधी आहे: रोज किमान दोन तास सोलापूरचे, सोलापुरात तयार झालेले. या आठवड्यात केंद्राला एक पत्र टाका, खासदारांना एक पाठवा. तुम्हाला कोणता कार्यक्रम हवाय तेही लिहा.

कोण ऐकतंय, हे नंतर मोजा. आधी ऐकण्यासारखं काहीतरी लावा की बे!