हट्टीचे सोने आणि मराठवाड्याचा सारा

‘हट्टीची सुवर्णखाण रायचूरची, म्हणजे कर्नाटकाची, मराठवाड्याच्या इतिहासात तिचे काय काम?’ मित्रहो, हा युक्तिवाद 1956 च्या नकाशावर उभा आहे. त्यापूर्वी नांदेड, आजचा लातूर परिसर आणि रायचूर ही एकाच निजामी संस्थानाची अंगे होती.

आपल्या काळ्या बेसॉल्टात सोन्याच्या शिरा नाहीत, हे खरेच. त्या हट्टीच्या गारगोटीत आहेत. प्राचीन खाणकऱ्यांनी आगीने खडक तापवून, फोडून, तेथे सहाशे फुटांहून खोल मजल मारली होती. टनभर दगडामागे सोने मात्र काही ग्रॅमच!

खरी लूट कागदावर झाली. 1886 मध्ये लंडनच्या हैदराबाद (डेक्कन) कंपनीस संस्थानातील खनिजांचा मक्ता मिळाला. एक लाख शेअरांपैकी 85,000 मक्तेदारांनी स्वतःकडेच ठेवले. पुढे अब्दुल हक या अधिकाऱ्याने चढ्या भावाचे शेअर संस्थानाच्याच गळ्यात मारले. तो खजिना कोणाचा? ज्वारी-कापूस पिकवून सारा भरणाऱ्या नांदेडच्या रयतेचाही. गाडलेल्या हंड्यांच्या कथा रंगवणाऱ्यांना हा हिशेब ठाऊकही नसतो.

1888 मध्ये ब्रिटिश संसदेला चौकशी समिती नेमावी लागली, ती याच व्यवहारासाठी.