अवकाशातल्या ठिपक्यांची जुळणी

१० फेब्रुवारी २००९ रोजी सायबेरियाच्या वर सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर अमेरिकेचा चालू ‘इरिडियम ३३’ आणि रशियाचा निकामी ‘कॉसमॉस २२५१’ हे उपग्रह एकमेकांवर आदळले आणि माग काढता येईल एवढे मोठे दोन हजारांवर तुकडे मागे राहिले. अशा नव्या तुकड्यांच्या कक्षा कोणालाच ठाऊक नसतात. दुर्बिणीत नुसते ठिपके दिसतात, आणि आजचा कोणता ठिपका परवाच्या कोणत्या ठिपक्याशी जोडायचा हा खरा पेच असतो. या जुळणीसाठी उत्क्रांतीच्या धर्तीवर चालणारे अल्गोरिदम गांभीर्याने वापरायला हवेत, असे माझे मत आहे.

दोनच रात्रींची सांगड घालायची असेल तर त्यांची गरज नाही. हॅरॉल्ड कून यांनी १९५५ मध्ये मांडलेली ‘हंगेरियन पद्धत’ सर्वोत्तम जुळणी हमखास देते. तिसरी रात्र आली की गणित हाताबाहेर जाते. दहा तुकड्यांची दोन रात्रींतली निरीक्षणे ३६ लाख २८ हजार ८०० प्रकारे जोडता येतात, तीन रात्रींतली तेरा लाख कोटींहून अधिक प्रकारे. आणि इथे अचूक उत्तर नेहमीच झटपट देणारी पद्धत अजून सापडलेली नाही. जॉन हॉलंड यांनी १९७५च्या ग्रंथातून रुजवलेला जनुकीय अल्गोरिदम सगळे पर्याय चाळत बसत नाही. तो काही जुळण्या अंदाजाने मांडतो, प्रत्येकीतून निघणारी कक्षा निरीक्षणांशी किती जमते ते मोजतो, बऱ्या जुळण्यांचे अंश एकत्र करून पुढची पिढी घडवतो आणि मधूनच एखादी जोडी बदलून पाहतो. एका जुळणीत तिसऱ्या तुकड्याचा माग बरोबर लागला असेल आणि दुसरीत सातव्याचा, तर त्यांच्या संततीत दोन्ही बरोबर येऊ शकतात. अर्धवट यश वाया जात नाही, म्हणून ही पद्धत या कामाला विशेष मानवते.

ही पद्धत हमी देत नाही, दोनदा चालवली तर दोन उत्तरे देऊ शकते, हा आक्षेप खरा आहे. विमानतळाच्या रडारवर, जिथे क्षणात उत्तर हवे, तिथे मी तिची शिफारस करणार नाही. अवकाशातल्या कचऱ्याबाबत मात्र पडताळणी सोपी आहे. जुळणी बरोबर असेल तर तुकडा पुढच्या रात्री कुठे दिसेल हे तिच्यातून सांगता येते. दुर्बीण तिकडे वळवली की खरेखोटे कळते. दोन उत्तरे आली तर ती जिथे वेगळी पडतात, त्या तुकड्यांकडे आधी पाहता येते. त्यापेक्षा पैसा अधिक दुर्बिणींवर खर्च करा, असेही म्हटले जाईल. पण दुर्बिणी वाढल्या की ठिपके वाढतात आणि जुळणी आणखी अवघड होते. २०१९च्या ‘मिशन शक्ती’ या उपग्रह पाडण्याच्या चाचणीत भारतानेही अशा तुकड्यांत भर घातली होती, आणि इस्रो ‘नेत्र’ प्रकल्पातून स्वतःची निरीक्षण यंत्रणा उभारत आहे. तिथे उपकरणांच्या बरोबरीने या गणिताची माणसेही आत्ताच घेतली पाहिजेत.