जिव्हेखालील गोळी आणि आपली पुडी

शस्त्रकर्मोत्तर वेदनेसाठी सुफेंटानिल या अफूसदृश द्रव्याची गोळी जिव्हेखाली ठेवण्यास देणारे ‘झाल्विसो’ हे उपकरण युरोपीय संघात २०१५ साली संमत झाले. गोळी अवघी १५ मायक्रोग्रॅमची. रुग्णाच्या अंगठ्यावरील खूणपट्टी जुळल्यावाचून ती बाहेर येत नसे. एक दिली की २० मिनिटे यंत्र बंद. नातेवाइकाने कळवळून बटण दाबले तरी व्यर्थ! मात्रा, काल आणि आतुर, तिन्हींना कुलूप. एवढा खटाटोप अशासाठी की, जिव्हेखालून द्रव्य थेट रक्तात शिरते आणि मात्रा वाढल्यास श्वासच मंदावतो.

आता आपल्याकडे पाहू. अहिफेन, वत्सनाभ, धत्तूर ही द्रव्ये औषध नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये विषद्रव्ये म्हणून नोंदलेली आहेत. तद्युक्त औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापणे बंधनकारक आहे. परंतु अंगदुखीसह आलेल्या ज्वरात दिली जाणारी, वत्सनाभयुक्त त्रिभुवनकीर्तीची गोळी कागदात बांधली की ती सूचना डबीवरच राहते. अनेक चिकित्सालयांतून बाहेर पडणाऱ्या पुडीवर ना नाव, ना मात्रा, ना काल. आजोबांची पुडी नातवाच्या हाती लागावयास कितीसा वेळ लागतो?

तसले यंत्र आपणांस परवडणारे नाही, आणि आवश्यकही नाही. सविष कल्पांपुरती तरी पुडी बंद करावी. बालकास सहज न उघडणारी डबी, तीवर रुग्णाचे नाव, मात्रा व वेळ ठळक अक्षरांत, आणि पुढील तपासणीपर्यंत पुरतील एवढ्याच गोळ्या, इतके वैद्यबंधूंनी येत्या महिन्यापासून करावे, अशी आमची विनंती आहे.