पंडिता रमाबाई : बाप्तिस्मा घेतला, बुद्धी गहाण ठेवली नाही

१/ ‘मिशनऱ्यांनी भुलवले, म्हणून त्या ख्रिस्ती झाल्या.’ पंडिता रमाबाईंविषयीचा हा निकाल आजही सर्रास दिला जातो. तो देणाऱ्यांनी त्यांची पत्रे वाचलेली नसतात.

२/ १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचा वाद सुरू झाला तो थेट चर्चशी. त्रित्वाचा सिद्धान्त त्यांना पटेना. क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असेही त्यांनी विचारले. सिस्टर जेराल्डिन यांना लिहिलेली पत्रे याची साक्ष देतात.

३/ त्यांचा मुद्दा सरळ होता : भटांचे जोखड झुगारलेल्या स्त्रीने पाद्र्यांचे जोखड का घ्यावे? भुललेली व्यक्ती असे विचारीत नसते.

४/ शारदा सदनातील धर्मप्रसारावर ‘केसरी’ने आक्षेप घेतला. त्याची चर्चा अवश्य व्हावी. परंतु त्यावरून रमाबाईंना बुद्धिहीन ठरवणे हा इतिहास नव्हे.

५/ दुसरा अन्याय भक्तांचा. ते रमाबाईंची साध्वी करतात आणि चर्चशी झालेले त्यांचे वाद चरित्रातून गाळतात.

६/ केडगावी रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास करून बायबल सोप्या मराठीत आणले. सामान्य स्त्रीने मध्यस्थाविना ते वाचावे, हा त्यामागील हेतू. १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या याच कामात होत्या.

७/ श्रद्धा की विवेक, एकच निवडा, असे आज तरुणांना बजावले जाते. रमाबाईंनी ही अट कधीच मान्य केली नाही. ती आपणही का मानावी?