आधी उड्या, मग उच्चार
महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. वाद भरपूर झाला, पण तो इंग्रजी कधी शिकवावं यावर. कसं शिकवावं हा प्रश्न मागच्या बाकावरच राहिला. म्हणून अनेक वर्गांत आजही ‘ए फॉर ॲपल’चा घोष चालतो, फळ्यावरचे शब्द वहीत उतरतात आणि तोंडातून वाक्य काही फुटत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६०च्या दशकात उलटी वाट दाखवली: मुलांनी आधी ऐकावं, अंगाने उत्तर द्यावं, बोलायची घाई नको. बाई म्हणतात ‘टच द डोअर’, ‘हॉप टू द विंडो’, आणि स्वतः करून दाखवतात. मग एके दिवशी म्हणतात ‘हॉप टू द डोअर’. हे वाक्य मुलांनी कधी ऐकलेलं नसतं, तरी ती लंगडी घालत दाराकडे निघतात. पाठांतर तिथे संपतं आणि भाषा सुरू होते. पुढे मुलांनीच बाईंना हुकूम सोडायचे. अर्थात ‘काल’ आणि ‘कदाचित’ लंगडीने शिकवता येत नाहीत. त्यासाठी गोष्टी हव्यात, नाटुकली हवीत. पण पहिली-दुसरीला सुरुवात म्हणून याहून स्वस्त साधन नाही. फक्त पालकांनी एक करावं: महिनाभर वही कोरी दिसली, म्हणून तक्रार घेऊन शाळेत जाऊ नये.