खर्रा आणि पेशींची दिशा

सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा वर्धा जिल्ह्यात कुणाला ठाऊक नाही असे नाही. गुटखा आणि पानमसाल्यावर राज्यात 2012 साली बंदी आली. खर्रा मात्र पानठेल्यावर मिळतोच. तो गालात धरणाऱ्याला पहिली काही वर्षे फारसे जाणवत नाही. दुखत नाही म्हणजे सारे ठीक आहे, हा समज इथेच घात करतो. गाठ येण्याच्या बरेच आधी गालाच्या अस्तरातील पेशींची दिशा चुकू लागलेली असू शकते.

पेशीला दिशा कसली? त्वचा, तोंड, आतडे, मूत्रपिंडातील नलिका या सर्वांवर अस्तरपेशींचा थर असतो. अशा पेशीला वरची आणि खालची बाजू असते आणि दोन्हींची कामे वेगळी असतात. याला पेशीची ध्रुवता म्हणतात. आतड्यातील पेशी वरच्या बाजूने मीठ आणि साखर एकत्र आत घेते, तर खालच्या बाजूचा पंप ते मीठ रक्ताच्या दिशेने ढकलतो. पाणी मागोमाग जाते. हगवणीत मीठ-साखरेचे पाणी जीव वाचवते ते या एकेरी वाहतुकीमुळे.

ही दिशा पेशीला पायाखालच्या जमिनीवरून कळते. थराखाली प्रथिनांचा एक पातळ पापुद्रा असतो. पेशी त्याला इंटिग्रिन नावाच्या प्रथिनांनी धरून ठेवते आणि शेजारणींशी घट्ट जोडलेली राहते. आत ‘पार’, ‘क्रम्ब्ज’, ‘स्क्रिबल’ अशा प्रथिनांचे गट एकमेकांना आपल्या हद्दीत शिरू देत नाहीत. दिशा एकदा ठरली की संपले असे होत नाही. ती सतत राखावी लागते.

नेदरलँड्समधील हान्स क्लेव्हर्स यांच्या चमूने 2009 मध्ये उंदराच्या आतड्यातील एकेका मूळपेशीपासून जेलमध्ये चिमुकले आतडे वाढवले. अशा रचनांना ऑर्गनॉइड म्हणतात. त्यांत पेशींची वरची बाजू आतल्या पोकळीकडे असते. पुढे मानवी आतड्याचे ऑर्गनॉइड जेल काढून द्रवात तरंगते ठेवले, तेव्हा तीच बाजू बाहेरच्या अंगाला आली. आधार गेला आणि दिशा उलटली. फळमाशीवरील प्रयोगांनी आणखी एक धागा दाखवला: स्क्रिबलचे जनुक बिघडले की पेशींची मांडणी मोडते आणि त्यांची वाढही बेलगाम होते. दिशा आणि वाढीवरचा लगाम एकमेकांत गुंतलेले आहेत.

तोंडाच्या अस्तरात पेशींचे अनेक थर असतात. सर्वांत खालची रांग पापुद्र्यावर ओळीने उभी असते. तिथे तयार झालेल्या पेशी वर सरकत चपट्या होतात आणि गळून पडतात. सुपारीमुळे या अस्तराखालची ऊती हळूहळू तंतुमय व ताठ होते, तोंड उघडेनासे होते. तंबाखूतील घातक द्रव्ये पेशींच्या जनुकांवर घाव घालतात. म्हणूनच चट्ट्याचा तुकडा तपासताना पॅथॉलॉजिस्ट खालची रांग नीट उभी आहे की विस्कटली आहे, हे आवर्जून पाहतात. ती विस्कटणे हे कर्करोगपूर्व बदलाच्या लक्षणांपैकी एक आहे. असा प्रत्येक बदल कर्करोगात जात नाही. पण हा इशारा मिळतो तेव्हा हाताशी वेळ असतो.

तो वेळ वाया जातो. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत वर्धा जिल्ह्याची कर्करोग नोंदणी होते. त्या नोंदणीत नाव जाण्याआधीच माणूस गाठणे हे आरोग्ययंत्रणेचे खरे काम आहे. तीस वर्षांवरील सर्वांचे तोंड तपासण्याचा सरकारी कार्यक्रम आहे, पण तपासणी अर्ज भरण्यापुरती उरता कामा नये. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील मोठ्या अभ्यासात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी केवळ डोळ्यांनी तोंड तपासले. त्याचे निष्कर्ष 2005 मध्ये प्रसिद्ध झाले: तंबाखू किंवा दारूचे सेवन करणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले होते. त्यासाठी महागडे यंत्र लागले नाही. मात्र संशयित चट्टा सापडल्यावर त्याचा तुकडा तपासून निदान लवकर हाती पडण्याची सोय तालुक्याच्या पातळीवर हवी. नाहीतर मजुरी बुडवून जिल्ह्याला दोन-तीन खेपा घालण्यापेक्षा माणूस घरी बसणे पसंत करतो.

तुकडा काढला की कर्करोग पसरतो, ही भीतीही निराधार आहे. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असली, साधे वरणही झोंबू लागले किंवा उभी तीन बोटे तोंडात जाईनाशी झाली, तर दुखण्याची वाट पाहू नये. खर्रा त्याच दिवशी सोडावा आणि तोंड दाखवून घ्यावे.