घरचीं यंत्रें : गाडींतील वारा कां थांबतो?

बीबीहून एका वाचकभगिनीचें पत्र आलें आहे. घरांत लहानमोठीं नऊ माणसें, गाडी एकच आणि तीही २००८ सालची मारुति ८००. दर पंधरवड्याला सासूबाईंना मेहकरास दवाखान्यांत न्यावें लागतें. गाडीचा ब्लोअर बंद पडला तेव्हां फिटरनें रेझिस्टर बदलून दिला. महिन्याभरांत वारा पुनः थांबला. आतां गाडीच विकावी, असें दीर म्हणतात.

मारुति ८०० डिसेंबर १९८३ मध्यें रस्त्यावर आली व जानेवारी २०१४ मध्यें तिचें उत्पादन थांबलें. तरी एवढ्यासाठीं तिला घराबाहेर काढण्याचें कारण दिसत नाहीं. पण हयगयही नको. वैशाखांत वृद्ध माणसाला वाऱ्यावांचून बंद गाडींत बसविणें धोक्याचें आहे. आणि पावसाळ्यांत, ओल्या कपड्यांचीं चार माणसें आंत असतां, समोरची कांच धुरकटून सुलतानपूरकडील रस्ताच दिसेनासा होतो.

पत्रांतील एक वाक्य फार उपयोगी आहे: ‘बंद पडण्यापूर्वीं पंखा फक्त सर्वांत मोठ्या वेगावर फिरत असे.’ लहान वेगांसाठीं वीज रेझिस्टरमधून जाते. मोठ्या वेगावर ती त्याला वळसा घालून जाते. अर्थात् रेझिस्टर जळला होता, हें फिटरचें निदान खरें. मात्र तो कां जळला, हें कोणीं विचारलें नाहीं. समजा, दोन ओहमांच्या तारेंतून चार अँपिअर वीज गेली, तर बत्तीस वॅट उष्णता होते. झाळकामाच्या लहान कय्याएवढी! म्हणूनच रेझिस्टर वाऱ्याच्या वाटेंत बसविलेला असतो. वाटेंत कडुनिंबाचीं पानें, कापसाचे पुंजके वा उंदराचें घरटें अडकलें, कीं वारा घटतो व रेझिस्टर तापतो. मोटरचे बुश कोरडे पडून ती जड फिरूं लागली, तर ती वीजही अधिक ओढते. अपराध मोटरचा, शिक्षा रेझिस्टरला!

आतां वारा अजिबात नाहीं, तेव्हां प्रथम फ्यूज पाहावा. तो जळला असल्यास तेवढ्याच अँपिअरचा घालावा. फ्यूजला चांदीचा कागद गुंडाळणारे महाभाग गांवोगांवीं आहेत. त्यांना गाडीजवळ फिरकूं देऊं नये, कारण मग फ्यूजऐवजीं तारा जळतात. नवा फ्यूजही जळाला, तर मोटर अडकली आहे किंवा तार कोठें तरी उघडी पडली आहे.

फ्यूज शाबूत असेल, तर किल्ली फिरवून ब्लोअर मोठ्या वेगावर ठेवावा आणि मोटरच्या अंगावर पेचकसाच्या मुठीनें हलकेच टिचकी द्यावी. मोटर डाव्या बाजूस, डॅशबोर्डाच्या खणामागें असते. टिचकीनें ती फिरूं लागली, तर आंतील कार्बन झिजले आहेत. न फिरली, तर तिचा प्लग काढून त्याच्या दोन टोकांना बारा व्होल्टांचा दिवा लावावा. दिवा लख्ख लागला तर दोष मोटरचा. न लागला, तर एकेक टोक व गाडीचें उघडें लोखंड यांमध्यें तो लावून पाहावा. तेथें लागला, तर ऋण बाजूची वाट तुटली आहे. कांहीं गाड्यांत बटण व रेझिस्टर याच वाटेवर असतात. कोठेंच न लागला, तर फ्यूजपासून पुढें येणारी धन बाजू तपासावी.

मोटर काढण्यापूर्वीं बॅटरीची ऋण तार सोडवावी. पंखा बोटानें सहज फिरला पाहिजे. तो अडखळत असेल, तर मोटर बदलावी. प्लग तपकिरी वा वितळलेला दिसला, तर तोही बदलावा, नाहींतर नवी मोटरही तेथेंच तापेल. दुरुस्ती होईपर्यंत ए. सी.चें बटण दाबूं नये; वाऱ्यावांचून आंतील थंड नळ्यांवर बर्फ धरतो. दवाखान्याची फेरी तोंवर सकाळीं लवकर करावी.

सुटा भाग आणावयास जातांना जुनी मोटर पिशवींत घालून न्यावी. नुसतें ‘आठशेची द्या’ म्हटल्यानें भागत नाहीं. प्लग व पंख्याची बैठक दुकानांतच जुळवून पाहावी.